पुजलेली वही लिहायची कधी?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भोरच्या पेठेत काय आणि वेल्ह्याच्या बाजारात काय, प्रत्येक दुकानात पाटावर एक नवी कोरी वही मांडलेली असते. पहिल्या पानावर 'श्री' निघतो, हळद-कुंकू वाहिले जाते, झेंडूचे फूल पडते. पाडव्याला दोन-चार ओळी लिहिल्याही जातात. पुढे भाताची कापणी-झोडणी अंगावर येते, आणि वही जी फळीवर जाते ती पुढच्या दिवाळीपर्यंत खाली उतरत नाही. उधारीच्या नोंदी काडेपेटीच्या पाठीवर, दुधाच्या पावत्या तारेला टोचलेल्या आणि बाकीचा सगळा हिशेब धन्याच्या डोक्यात! मग एखाद्या दिवशी बँकेचा साहेब विचारतो, "तीन वर्षांचे रिटर्न आणा, धंद्याचा हिशेब आणा." तेव्हा धावपळ सुरू होते. याला वरातीमागून घोडे म्हणायचे नाही तर दुसरे काय?

आज आम्ही या पानावर पीकपाणी सोडून वहीखात्यावर लिहितो आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत निव्वळ शेतीवर चालणारे घर आता किती उरले आहे, हे प्रत्येकाने आपल्याच आळीत मोजून पाहावे. (वेल्ह्याचे नाव सरकारदरबारी आता राजगड तालुका झाले आहे, लोकांच्या तोंडी मात्र वेल्हेच आहे.) इंद्रायणी आणि आंबेमोहोर पिकवणाऱ्या घरातच दोन गायी असतात. थोरला पिकअप चालवतो, धाकट्याचे चेलाडी फाट्यापासून आत जाणाऱ्या रस्त्यावर चहा-नाष्ट्याचे हॉटेल आहे, घरातली सून बचत गटातून पापड-लोणची आणि तांदळाच्या पिशव्या विकते. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला, गुंजवण्यात आणि वेल्ह्यात, शनिवार-रविवारी येणाऱ्या पोराटोरांना पिठलं-भाकरी देऊन आणि रात्रीची पथारी देऊन अनेक घरे उभी राहिली आहेत. हे सगळे धंदेच आहेत. त्यांना धंदा म्हणायची आपल्याला सवय नाही, एवढेच.

"आम्ही कुठं शेठ लागून गेलोय हिशोब ठेवायला?" हे उत्तर आम्ही शंभर वेळा ऐकले आहे. 'हिशेब' म्हटले की आपल्याकडे 'कर' आठवतो, आणि कर म्हटले की माणूस अंग चोरतो. आमचे म्हणणे नेमके येथेच आहे. या दोन तालुक्यांतल्या बहुतेक छोट्या धंदेवाल्यांना आयकराचा एक रुपयाही द्यावा लागणार नाही. त्यांचे नुकसान कराने होत नाही. हिशेब नसल्यामुळे जो पैसा हातातून निसटतो, जे कर्ज नाकारले जाते आणि जी दलाली भरावी लागते, त्याने ते होते.

आधी कायदा काय म्हणतो ते सरळ पाहू. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण शेतकऱ्याच्या घरात आलेला प्रत्येक रुपया शेतीचा नसतो. स्वतःच्या खाचरातले भात भरडून विकले तर ते शेतीचे उत्पन्न. दुसऱ्याचे भात भरडून घेतलेली मजुरी हा गिरणीचा धंदा. दूध हे कायद्याच्या दृष्टीने शेतीचे उत्पन्न नव्हे, तो व्यवसाय. कोंबडीपालनाचेही तसेच. रोपवाटिकेतली रोपे मात्र शेतीत धरली जातात. "आमचं सगळं शेतीचंच हाय," असे म्हणून दुधाचा आणि हॉटेलचा पैसा शेतीच्या नावावर दाखवणारे कागद काही दलाल करून देतात. हा खेळ उलटला तर सही करणाऱ्याच्या अंगावर येतो, दलालाच्या नव्हे.

आता कराचा आकडा. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नाला कर नाही, आणि १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावरचा कर सवलतीमुळे शून्यावर येतो. ही मर्यादा उत्पन्नाची आहे, विक्रीची नव्हे. छोट्या धंद्याला उत्पन्न काढण्याची सोपी वाटही कायद्याने ठेवली आहे. २ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्याने विक्रीच्या ८ टक्के हा नफा धरावा. बँकेतून किंवा मोबाइलवरून आलेल्या रकमेवर ६ टक्के धरले तरी चालतात. १९६१ च्या कायद्यात हे कलम ४४एडी होते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात, ज्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, कलमांचे आकडे बदलले. सोय तीच राहिली.

समजा, एका वाडीत किराण्याचे दुकान आहे आणि रोजची विक्री ३ हजार रुपये आहे. वर्षाची विक्री झाली सुमारे १० लाख ८० हजार. त्याचे ८ टक्के म्हणजे ८६ हजार ४०० रुपये. कर शून्य. पिकअप किंवा छोटा टेंपो असेल तर गाडीमागे दरमहा साडेसात हजार रुपये उत्पन्न धरण्याची वेगळी तरतूद आहे; एका गाडीचे वर्षाचे ९० हजार झाले. येथेही कर शून्य. कमिशनच्या धंद्याला मात्र ८ टक्क्यांची ही सोय नाही, हे दूध संकलन केंद्र चालवणाऱ्यांनी आणि आडत-दलाली करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

कर शून्य असताना माणूस कराच्या भीतीने कागदापासून पळतो, आणि गरज पडली की पन्नास-साठ किलोमीटरवरच्या पुण्याला जाऊन कोणाच्या तरी टेबलासमोर बसतो. केळद किंवा हिर्डोशीच्या माणसाचा यात अख्खा दिवस मोडतो. एसटीचे भाडे गेले, दिवसाचा गल्ला गेला, वर हातात पावती नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी ही गत आहे. सगळेच सल्लागार वाईट असतात असे आम्ही म्हणणार नाही. प्रामाणिकपणे काम करणारे कितीतरी आहेत. पण "मागच्या तीन वर्षांची रिटर्न एकदम भरून देतो, कर्ज लगेच होईल," असे सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. मुदत टळल्यावर उशिराच्या विवरणपत्राला उत्पन्नाप्रमाणे १ हजार ते ५ हजार रुपये शुल्क पडू शकते. त्याहून जुन्या वर्षांसाठी अद्ययावत विवरणपत्राची वाट आहे, पण कर निघाला तर त्यावर आणि व्याजावर २५ ते ७० टक्के जादा भरावे लागतात. शिवाय त्यातून अडकलेला पैसा परत मागता येत नाही. आणि कर्जासाठी फुगवलेला आकडा एकदा कागदावर चढला की हप्ता त्या आकड्याप्रमाणे बसतो. धंदा मात्र होता तेवढाच राहतो.

जीएसटीचेही असेच. १ जुलै २०१७ पासून हा कर आला आणि त्याच्या धास्तीने किंवा कोणीतरी सांगितले म्हणून कित्येकांनी गरज नसताना नंबर काढले. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. स्वतः पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या विक्रीपुरती नोंदणी मुळीच नाही. परंतु नंबर घेतला की विक्री असो वा नसो, विवरणपत्र चुकत नाही. शून्याचे विवरणपत्र उशिरा भरले तरी दिवसाला २० रुपयांप्रमाणे शुल्क ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत चढत जाते. धंदा बंद केला, पण नंबर रद्द करायचा अर्ज कोणी दिला नाही, अशी घरे आपल्या आसपास आहेत. त्यांनी आजच चौकशी करावी.

याची दुसरी बाजूही आहे. ४० लाख म्हणजे रोजची सुमारे ११ हजारांची विक्री. २० लाख म्हणजे रोजची साडेपाच हजारांची. हॉटेल आणि राहण्याची सोय या सेवा आहेत. पावसाळ्यातल्या गर्दीत गडाखालच्या एखाद्या चालत्या हॉटेलाची एका रविवारची विक्री किती होते, हे मालकाने स्वतःशीच आठवावे. वर्षाची बेरीज कोणी केलेली नसेल, तर मर्यादा कधी ओलांडली हेही कळणार नाही. बचत गटांच्या ताईंसाठीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुटा तांदूळ करमुक्त आहे. पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधी बंद केलेल्या आणि छापील लेबलाच्या पिशवीवर ५ टक्के कर आहे. नोंदणीच्या मर्यादेखाली असलेल्या गटाला तो भरावा लागत नाही. परंतु आपण मर्यादेखाली आहोत हे गटाच्या वहीवरूनच सिद्ध होणार, तोंडी नव्हे.

शेजारच्या कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये काय झाले, ते येथे सांगण्यासारखे आहे. तिथल्या व्यापारी कर खात्याने मोबाइलवरून जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला सुमारे २९ लाखांची नोटीस आली, आणि ताजी भाजी तर करमुक्त! बंगळुरूत टपऱ्यांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. पाटी लावणे हा त्यावरचा उपाय नव्हता. खात्यात जमा झालेल्या रकमेपैकी माल किती विकला, त्यात करमुक्त किती, मुलाने पाठवलेले किती, पाहुण्याने परत केलेले उसने किती, हे दाखवणारी वही हाच उपाय. आपल्याकडेही आता भेळेच्या गाडीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटलेला आहे. बँकेतला आकडा सरकारला दिसतो. त्याचा अर्थ मात्र आपल्यालाच सांगावा लागतो.

आता ग्रामपंचायतींकडे वळू, कारण या पानाचे अनेक वाचक ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसतात. गावातला एखादा तरुण गटार, संरक्षक भिंत, रंगकाम अशी छोटी कामे घेतो. एका बिलाची रक्कम ३० हजारांच्या वर गेली, किंवा वर्षाची मिळून १ लाखाच्या वर गेली, की एकट्या ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का आयकर कापला जातो. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. वर्षात ६ लाखांची कामे झाली तर कापले गेले ६ हजार. बिले बँकेतून मिळाली असतील तर ६ टक्क्यांनी त्याचे धरलेले उत्पन्न ३६ हजार. दुसरी मोठी मिळकत नसेल तर कर शून्य, म्हणजे ते ६ हजार त्याचेच आहेत. विवरणपत्र भरले की परत मिळतात. पण ते भरतो कोण? "कापलं ते गेलं," असे म्हणून माणूस सोडून देतो.

आणि काही वेळा भरणाऱ्यालाही मिळत नाहीत, कारण कापलेली रक्कम वेळेत जमा झालेली नसते किंवा तिमाही विवरणात पॅनचा एक आकडा चुकलेला असतो. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरणे, दर तिमाहीला बिनचूक विवरण देणे आणि ठेकेदाराच्या हाती कपातीचा दाखला ठेवणे हे ग्रामपंचायतीचे कायदेशीर काम आहे, उपकार नव्हेत. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी मासिक सभेत एकदा एवढेच विचारावे : या वर्षी कोणाकोणाचे किती कापले, आणि दाखले दिले का?

एक गाऱ्हाणे थेट दिल्लीचे आहे. छोट्या धंदेवाल्यांसाठी आयकर खात्याने 'सुगम' नावाचा सोपा फॉर्म केला. पण ज्याचे शेतीचे उत्पन्न वर्षाला ५ हजार रुपयांपेक्षा जास्त, त्याला हा फॉर्म चालत नाही. आकारणी वर्ष २०२५-२६ च्या फॉर्मातही ही अट होती. ५ हजार रुपये! भाताची दोन-चार पोती विकली की ही मर्यादा संपली. म्हणजे शहरातल्या दुकानदाराला सोपा फॉर्म, आणि ज्याला सोप्याची खरी गरज, त्या शेतकरी-दुकानदाराला पानेच्या पाने असलेला अवघड फॉर्म. मग तो सल्लागाराकडे जातो, नाही तर शेतीचे उत्पन्न लपवतो, जे करमुक्तच आहे! नाव सुगम आणि मावळच्या माणसाला दुर्गम, असा हा प्रकार आहे. ही मर्यादा निदान काही लाखांवर नेली पाहिजे. आमच्या लोकप्रतिनिधींनी हा मुद्दा अर्थमंत्रालयापुढे ठेवावा. त्याला सरकारचा खर्च काहीच नाही.

सोपे करण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले. १९९२ साली ५ लाखांपर्यंत उलाढालीच्या छोट्या व्यापाऱ्यासाठी वर्षाला सरळ १,४०० रुपये भरून मोकळे होण्याची योजना आली होती. २००६ साली पदवीधर तरुणांना शिकवून त्यांच्याकडून छोट्या करदात्यांची विवरणपत्रे भरून घेण्याची योजना आयकर खात्याने काढली. शिकलेला स्थानिक माणूस, ठरलेला दर, हा तिचा गाभा चांगला होता. तोच गाभा घेऊन आपल्या दोन तालुक्यांत काम उभे करता येईल, आणि माणसेही येथेच आहेत.

'उमेद' अभियानात बचत गटांना जी पंचसूत्री शिकवली जाते, तिच्यात नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड यांच्या जोडीला लेखे अद्ययावत ठेवणे हे सूत्र आहेच. सहा-सात इयत्ता शिकलेल्या बाया गटाची वही चोख लिहितात, पैन् पै जुळवतात. त्याच बाईच्या घरचे दुकान मात्र वहीविना चालते. जशी बँक सखी आणि पशुसखी झाली, तशी 'हिशेब सखी' का होऊ नये? भोरला वाणिज्य शाखेची मुले-मुली दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात आणि पुण्यात दहा-बारा हजारांच्या नोकरीसाठी वणवण करतात. त्यांच्यातल्या काहींना महिनाभराचे प्रशिक्षण द्यावे. महिन्यातून एक ठरलेला दिवस भोरच्या आणि वेल्ह्याच्या पंचायत समितीत हिशेबाचा दिवस म्हणून पाळावा, आणि एखादा सनदी लेखापाल त्या दिवशी हजर असावा. जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रने आणि गटविकास अधिकाऱ्यांनी मनावर घेतले तर हे काम पैशांमुळे अडणार नाही. ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्राबाहेर विवरणपत्र भरण्याच्या मदतीचा दर लिहिलेली पाटी असावी आणि प्रत्येकाला पावती मिळावी. उद्यम नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट होते, हेही त्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहावे, कारण तिच्यासाठीही पैसे मोजणारे भेटतात.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातातले आजच करता येते. रोज रात्री गल्ला मोजला की वहीत डाव्या बाजूला आलेली रक्कम, उजव्या बाजूला गेलेली रक्कम लिहावी. रोख वेगळी, मोबाइलवरची वेगळी. दुकानातून घरात नेलेला साखर-चहा आणि खिशात घेतलेले पैसेही लिहावेत. हीच गळती सर्वांत मोठी असते. उधारीला स्वतंत्र पाने ठेवावीत. धंद्याचे बँक खाते वेगळे काढावे आणि तो ठिपक्यांचा कागद त्याच खात्याचा लावावा. खरेदीची बिले महिन्याप्रमाणे पिशवीत घालून ठेवावीत. महिन्याअखेरीस बेरीज मारावी. एवढ्याला दहावीतली पोरगीही पुरते. शिकायला काही कमीपणा नाही.

दुधाचेच उदाहरण घ्या. दहा दिवसांचा दुधाचा पगार झाला की घर खूश. पण त्यातून पेंड कापली गेली, वैरण विकत घेतली, डॉक्टरचे बिल, गाईचा भाकड काळ आणि घरच्या बाईची पहाट-संध्याकाळची राबणूक, हे कोणी मांडतच नाही. वर्षभर वही लिहिणाऱ्याला कधी कळते की दोन गायींपैकी एक गाय दुसरीच्या जिवावर जगते आहे. न लिहिणाऱ्याला ते कळत नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ही म्हण काही उगीच पडलेली नाही. भीमथडी जत्रेत चार दिवस हजारोंनी विक्री करून आलेल्या गटालाही गाडीभाडे, मुक्काम, पिशव्यांची छपाई वजा जाता प्रत्येकीच्या वाट्याला काय आले, ते वहीच सांगते.

भोर ही सचिवांची गादी. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत शंकराजी नारायणांच्या घराण्याने येथे राज्य केले. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे काम कोणते होते? महाल-परगण्यांचे हिशेब तपासणे आणि कमी-जास्त असेल ते ताळ्यावर आणणे. ज्या राजगडावर स्वराज्याची पहिली राजधानी होती, त्या गडाखालच्या आणि सचिवांच्या गावातल्या माणसाने हिशेबाला घाबरावे, हे काही शोभत नाही. तेव्हा शेतकरी बांधवांनो, फळीवरची ती पुजलेली वही आज खाली काढा. पहिल्या पानावर 'श्री' आहेच. दुसऱ्या पानावर आजची तारीख घाला.